राखाडी निळा का दिसला? हिंगणघाटकडच्या एका घराच्या रंगकामाचं प्रकरण

घर हिंगणघाट तालुक्यातलं, काळ्या मातीतल्या एका गावातलं. फेब्रुवारीत मुलीचं लग्न होतं, म्हणून त्याआधी घराला रंग द्यायचं ठरलं. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. रंग त्यानं मोबाईलवर पाहून ठरवला: सगळ्या भिंतींना फिकट राखाडी, छताला आणि दारं-खिडक्यांना पांढराशुभ्र. फोटोतल्या घरात ते खरोखर देखणं दिसत होतं. डिसेंबरात रंगाऱ्यानं मागच्या स्लॅबच्या एका खोलीला दोन हात मारले. संध्याकाळी ट्यूबलाइट लागल्यावर आजी दारात येऊन म्हणाल्या, "हे काय केलं बाप्पा, मले त दवाखाना दिसते."

भिंत राखाडी दिसतच नव्हती. वर निळसर, खाली जांभळट. रंगारी म्हणे, तिसरा हात मारला की दबेल. दुकानदार म्हणे, मशीनवर कालवलेला रंग परत घेत नाही, आणि तो कुठलाच दुकानदार घेत नाही. मुलगा म्हणे, फोटो पाठवा. फोटोत भिंत बऱ्यापैकी राखाडी आली, त्यामुळे बाप-लेकाचं फोनवर चांगलंच वाजलं. मी वर्ध्याला घरदुरुस्तीची आणि रंगकामाची कामं घेते, नात्यातून माझं नाव निघालं आणि मला बोलावणं आलं. वीस लिटरची बादली आणलेली, त्यातली जेमतेम चार लिटर संपलेली. घरधनी काकाजींचा पहिला प्रश्न तिच्याबद्दलच होता: "ताई, एवढ्या रंगाचं करायचं काय?"

घर कसं आहे

पुढचा भाग जुना. सपरी (ओसरी), तिच्यामागे माजघर, बाजूला कापूस भरायची खोली. मातीच्या जाड भिंती, वर सागवानी मयाली (तुळया), फाटे (वासे) आणि कवेलू (कौलं). भिंतींवर चुन्याचे थरावर थर, त्यात नीळ घातलेली. मागचा भाग अलीकडचा: विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर स्लॅब. फरशी व्हिट्रिफाइड, फिकट गुलाबी झाक असलेली. जुन्या घराचा एक भाग पाडला तेव्हा निघालेली सागवानी दारं आणि चौकटी काकाजींनी नव्या खोल्यांना बसवून घेतल्या. त्यांवर वर्षानुवर्षांचं व्हार्निश चढून लाकूड पार नारिंगी झालेलं. स्वयंपाकघराला आणि न्हाणीला साधी फ्लश दारं, म्हणजे प्लायची सपाट, खिडक्या लोखंडी.

ही सगळी यादी मी मुद्दाम देतेय. रंग बिघडला, असं सगळे म्हणत होते. माझ्या मते त्या डब्यातल्या रंगात फारसं वाईट काही नव्हतं. ज्या लाकडाशेजारी, ज्या फरशीवर, ज्या उजेडात तो लावला, त्यांना न विचारता लावला, एवढंच. लाल किंवा हिरवा रंग स्वतःच्या जोरावर उभा राहतो. राखाडी, क्रीम, ऑफ-व्हाइट या रंगांमध्ये स्वतःचा रंग इतका थोडा असतो की शेजारचं जे असेल ते त्यांच्यावर चढून बसतं. घरातली लाकडं, फरशी आणि खिडक्यांची दिशा आपण बदलणार नसू, तर भिंतीचा रंग त्यांच्यापासून मागे मोजत यावा लागतो.

निळा आला कुठून

घरच्यांना हे तोंडी सांगून पटणार नव्हतं, म्हणून एकेक गोष्ट काढून दाखवली.

आधी दिवा. ट्यूबच्या खोक्यावर 6500 के असं छापलेलं होतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचा आकडा: मोठा तितका निळसर, लहान तितका पिवळसर. गावाकडच्या बहुतेक दुकानांत हीच मिळते, कारण 'उजेड जास्त पडतो' अशी समजूत. तो उजेड निळसर असतो. तिथे 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावला, आणि भिंतीतला निळा पुष्कळसा गेला. पण दारं आणखी भडक नारिंगी झाली. 4000 वाला लावल्यावर दोन्ही जरा माणसात आले.

मग खिडकी. या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. आपण साधारण 21 अंश अक्षांशावर आहोत. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं. म्हणजे रंग मे महिन्यात पसंत करा किंवा डिसेंबरात, खोली तीच पण उजेड निराळा. आणि लग्न होतं फेब्रुवारीत. त्यात खिडकीसमोर सहा फुटांची बोळ आणि पलीकडे शेजाऱ्यांची निळीच्या चुन्यानं रंगवलेली भिंत. खोलीत येणारा बराचसा उजेड आधी त्या भिंतीला लागून मग आत यायचा. शेजाऱ्यांना विचारून तिच्यावर एक धुतलेली पांढरी चादर टांगली. काकाजी आत उभे होते, ते म्हणाले, "अरे, खरंच की जी!"

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. सागवानी चौकट आणि दार जुन्या वर्तमानपत्रांनी पूर्ण झाकलं. शेजारची भिंत लगेच कमी निळी दिसू लागली, कागद काढला की पुन्हा निळी. डोळा रंगाला एकटं पाहत नाही. नारिंगीच्या शेजारी राखाडी ठेवला की तो नारिंगीच्या विरुद्ध, म्हणजे निळ्याकडे ढकलला जातो. पॅरिसच्या गोबेलॅं विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काही रंगांबद्दल तक्रारी यायच्या. त्यांनी तपासलं तेव्हा दिसलं की दोष रंगात नाही, शेजारी विणलेल्या धाग्यांत आहे. 1839 साली त्यांनी हे सविस्तर मांडलं. त्या विणकामशाळेत धागा होता, इथे सागवानाची चौकट.

खालचा जांभळट भाग फरशीचा. गुलाबी झाकेवरून उठलेला उजेड भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांत मिसळत होता, आणि निळ्यात गुलाबी मिसळलं की जांभळट येणारच.

शेवटी डब्याचं झाकण. मशीनवर रंग कालवला की झाकणावर एक चिठ्ठी चिकटवतात, तिच्यात बेसमध्ये, म्हणजे मूळच्या पांढऱ्या रंगात, कुठले रंगद्रव किती टाकले ते लिहिलेलं असतं. कंपनीप्रमाणे अक्षरं बदलतात, पण दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो. या राखाडीत काळ्याबरोबर थोडा निळा होता. ज्या फिकट रंगात काळा आणि पिवळा ऑक्साइड असतो तो मातकट-हिरवटाकडे झुकतो, ज्यात लाल ऑक्साइड असतो तो गुलाबीकडे. शेडकार्डावरच्या गोड नावांपेक्षा ही चिठ्ठी वाचायला शिका, फार उपयोगी पडते.

फोटोत मात्र राखाडी का? मोबाईलचा कॅमेरा उजेडाचा रंग स्वतःच दुरुस्त करून फोटो काढतो. घरातल्यांना जे निळं दिसतं ते त्यानं परस्पर पुसून टाकलेलं असतं. मुलगा खोटं बोलत नव्हता, आजीही नाही.

लाकूड पांढरं करायचं की नाही

मुलाचा तोडगा सरळ होता: नारिंगी नडतंय ना, मग दारं पांढरी करून टाका. फोटोत तसंच होतं.

मी विरोध केला. भावनेचा मुद्दा बाजूला ठेवू, तरी बल्लारशाकडचा जुना सागवान आहे हा, अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून गेला तो याच भागातला. त्यावर ऑईल पेंट चोपडायला जीव होत नाही, हे कबूल. पण खरं कारण माजघरात होतं. तिथल्या भिंतीतल्या कपाटाला कधीतरी पांढरा ऑईल पेंट दिलेला. दारावर कॅलेंडर टांगलेलं. ते उचललं तर खाली स्पष्ट चौकोन, बाकीच्या दारापेक्षा पिवळा. दाराची आतली बाजू तर जुन्या पुस्तकाच्या पानासारखी. लोकांना वाटतं पांढरा रंग उन्हानं पिवळा पडतो. ऑईल पेंट, म्हणजे तेलातला एनॅमल, उलट अंधारात पिवळा पडतो, उजेडात बरा राहतो. विदर्भातलं घर उन्हाळ्याचे चार महिने दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलर सुरू ठेवून अंधारात बसतं. अशा घरात पांढरी ऑईल पेंटची दारं किती दिवस पांढरी राहतील? पाण्यातला ॲक्रिलिक एनॅमल असा पिवळा पडत नाही. पांढरी दारं हवीच असतील त्यांनी तो घ्यावा, थोडा महाग पडतो.

सागवानाचं आम्ही वेगळंच केलं. जुनं व्हार्निश खरवडून काढलं आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पॉलिश पेपर मारला. नारिंगीपणा बराचसा व्हार्निशचाच होता. खालून निघालेलं लाकूड सोनेरी-तपकिरी आणि पुष्कळ शांत. त्याला बेलतेलाचे, म्हणजे शिजवलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल फडक्यानं टिपून घेतलं. हे लाकूड पुढे थोडं गडद होईल, पण भडकणार नाही.

इथे एक सूचना, आणि ती मी प्रत्येक घरी ओरडून सांगते. बेलतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. फडक्यांच्या बोळ्यात ती उष्णता अडकली की ती आपोआप पेटू शकतात. ज्या घरात बाजूच्या खोलीत कापूस भरलेला आहे तिथे हा खेळ नको. फडकी अंगणात एकेक पसरून वाळवली, मग टाकली.

माजघराच्या मयाली आणि फाट्यांना हातच लावला नाही. उधई (वाळवी) लागू नये म्हणून त्यांना जळकं ऑईल, म्हणजे इंजिनातलं वापरलेलं तेल, पाजलेलं. त्यावर कुठलाही रंग धरत नाही, आठवड्यात पापुद्रे निघतात. आणि काळपट लाकडाखाली फिकट भिंत मुळातच छान दिसते. सेवाग्रामच्या बापूकुटीत जाऊन बघा: माती-बांबूच्या भिंती, कवेलू, उघडं लाकूड. तिथे कुणी शेडकार्ड उघडलं नव्हतं.

फ्लश दारांना आणि लोखंडी खिडक्यांना पाण्यातला एनॅमल, भिंतीच्याच घराण्यातला पण बराच गडद, खाकीकडे झुकणारा. कडीजवळ हाताचे डाग पडतातच, ते त्यात खपून जातात.

भिंतीचा रंग कसा ठरला

लाकूड उबदार राहणार, फरशीत गुलाबी झाक, खिडकी उत्तरेची. म्हणजे भिंतीत निळा नको, गुलाबीही नको, कारण तो फरशी देतेच आहे. पिवळट-मातकट बाजूचा ऑफ-व्हाइट, पण मिठाईच्या दुकानासारखा पिवळा क्रीमही नको. उजळपणाचाही हिशेब होता. शेडकार्डाच्या मागे प्रत्येक रंगाचा एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो: 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पडलेला सगळा उजेड परत देणारा. आधीचा राखाडी साठाच्या आसपास होता. एका खिडकीच्या खोलीत मला सत्तरच्या वरचा हवा होता. ऐंशीच्या वर गेलात की छटा हरवते आणि उरतो तो नुसता पांढरा, ज्यावर पुन्हा शेजाऱ्याची निळी भिंत चढून बसते.

नमुने भिंतीवर मारले नाहीत. आधीच राखाडी असलेल्या भिंतीवर नमुना मारला तर तो खरं कधीच सांगत नाही, कारण भोवतालचा रंग डोळ्याला फसवतो. दोन-दोन फुटांचे प्लायचे तुकडे घेतले, प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडली. तुकडे भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, आणि दिवे लागल्यावर पाहिले. एकदा दाराशेजारी, एकदा खिडकीच्या भिंतीवर, एकदा खाली फरशीजवळ. खिडकी ज्या भिंतीत असते ती भिंत नेहमी सगळ्यात गडद दिसते, कारण उजेड तिच्यावर पडत नाही, तिच्यातून येतो. रंग पसंत करताना ती भिंत पाहायला लोक विसरतात.

तीन तुकडे होते. एक पिवळट क्रीम, एक मातकट-राखाडी, एक त्यांच्या मधला. घरात मतं तीन. तेव्हा आजी उठल्या, कापसाच्या खोलीत गेल्या आणि ओंजळभर कापूस घेऊन आल्या. पहिल्या वेचणीचा, स्वच्छ. तो एकेका तुकड्यावर धरून पाहिला. क्रीमच्या तुकड्यावर कापूस पांढरा दिसला आणि तुकडा पिवळा. मातकटावर तुकडा मळका दिसला. मधल्यावर दोन्ही जवळजवळ एक झाले. "हा," आजी म्हणाल्या, "बाकीचे फरदड हायत." फरदड म्हणजे हंगाम सरता सरता निघणारा हलका कापूस.

मला हे फार आवडलं, आणि ते नुसतं गोड वाटलं म्हणून नाही. फिकट पांढऱ्यातला फरक ओळखण्याची नजर या घरात आधीपासून होती. कापसाच्या प्रतवारीत यंत्रावर रंगाचे दोन आकडे मोजतात: आरडी म्हणजे कापूस किती उजेड परत देतो, आणि प्लस बी म्हणजे त्यात पिवळेपणा किती. रंगाच्या दुकानातही शेवटी हेच दोन प्रश्न असतात, किती उजळ आणि कुठल्या बाजूला झुकलेला. पाऊस लागून पिवळा पडलेल्या कापसाला भाव किती तुटतो हे ज्यांना दरवर्षी सोसावं लागतं, त्या माणसांनी ऑफ-व्हाइट निवडायचं काम मोबाईलवर सोपवलं होतं.

मधला तुकडा ठरला. एलआरव्ही पंचाहत्तरच्या जवळ, चिठ्ठीत पिवळा ऑक्साइड, नखभर काळा, बाकी काही नाही. ऑक्साइडचे रंग उन्हानं उडत नाहीत, हा आणखी एक फायदा.

जुन्या भागाला डबा नाही, चुनाच

मुलाला सगळ्या घराला एकच इमल्शन, म्हणजे पाण्यातला डब्याचा रंग, हवं होतं. मातीच्या भिंतीला ते चालत नाही. अशी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. तिच्यावर इमल्शनचा पडदा बसला की ओल मागे अडकते, खार फुलतो, पोपडे येतात. शिवाय चुन्याच्या जुन्या थरांवर तळहात फिरवला तर पांढरा होऊन येतो. त्या भुकटीवर रंग बसणार कसा?

चुना ठेवला, नीळ बंद केली. निळीचं काम असं असतं की चुन्यातला पिवळटपणा ती मारते आणि तो जास्त पांढरा भासतो. पिवळ्या बल्बच्या आणि कंदिलाच्या काळात ते शोभायचं. 6500 च्या ट्यूबखाली तीच भिंत निळी होते. निळीऐवजी भिजवलेल्या चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, घातली, अगदी थोडी, आणि पकडीसाठी डिंकाचं पाणी. चुना ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो आणि तेव्हा तो पांढरा होतो. रंग फारच फिका झाला म्हणून रंगाऱ्यानं दुसऱ्या हाताला पिवडी वाढवायला घेतली होती, त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी तो मागच्या खोलीच्या प्लायच्या तुकड्याशी जुळला. अगदी तंतोतंत नाही, पण माजघरातून आत जाताना डोळ्याला ठेच लागत नाही इतका. चुना मारताना डोळे जपा, तो बुबुळाला भाजतो.

छत आणि खालचा पट्टा

स्लॅबला पांढराशुभ्र द्यायचा नाही म्हटल्यावर रंगाऱ्यालाही नवल वाटलं. छताला थेट उजेड मिळत नाही, फरशीवरून उठलेला मिळतो. म्हणून छत भिंतीपेक्षा नेहमी मळकं दिसतं, आणि फरशीची झाक घेऊन दिसतं. पांढऱ्याशुभ्र छतावर ही गुलाबी झाक उठून येते, भिंतीशी त्याची रेघही कापल्यासारखी होते. आम्ही भिंतीचा रंग एक भाग आणि पांढरा तीन भाग असं मिसळलं, पूर्ण मॅट. एकट्याकडे पाहिलं तर कुणीही पांढराच म्हणेल.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात, खिडक्यांच्या कोपऱ्यांत बारीक भेगा येतात-जातात. त्यात पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. रबरासारखं ताणलं जाणारं ॲक्रिलिक फिलर भरलं, आणि छताचा रंग भिंतीवर तीन इंच खाली उतरवला. सांध्यातली भेग आणि वाकडी रेघ दोन्ही त्यात लपतात.

आता ती राखाडी बादली. वीस लिटरातली सोळा उरलेली. टाकून देणं काकाजींना मान्य नव्हतं, मलाही नाही. निळा मारायला त्याच्या विरुद्ध बाजूचा रंग लागतो, म्हणून पिवळ्या ऑक्साइडचं स्टेनर (रंगात कालवायचा घट्ट रंग) थोडं थोडं टाकत गेलो, वर थेंबभर लाल. सगळी बादली एकाच वेळी ढवळली. अर्ध्या बादलीचा आज आणि उरलेल्याचा उद्या असं केलं तर दोन रंग होतात. स्टेनर हात राखून टाकावं. जास्त झालं की रंग वाळत नाही, हाताला लागत राहतो. होता होता मातकट-राखाडी तयार झाला, आधीपेक्षा जरा गडद. तो दोन्ही खोल्यांना खालून तीन फूट पट्टा म्हणून दिला. जुन्या घरांत गेरूचा पट्टा ओढायचे तो उगाच नव्हे. खाट घासते, पोरांचे पाय लागतात, कापसाची गाठोडी टेकतात. शिवाय फरशीची गुलाबी झाक जिथे सगळ्यात जास्त पडते तिथेच गडद रंग आला, आणि ती दिसेनाशी झाली. उरलेल्यातून मागची बंद पडवीही रंगवली.

पट्ट्याच्या वर, जुन्या राखाडीवर, आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात आणि मग ऑफ-व्हाइटचे दोन. बारा बाय चौदाची, दहा फूट उंचीची खोली: दारं-खिडक्या आणि पट्टा वजा करता तीनशे चौरस फुटांच्या वर थोडी भिंत. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे दोन हातांना सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास धरावं, म्हणजे खोलीला अडीच-तीन लिटर पुरतं. वीस लिटरची बादली कुणाच्या हिशेबानं आणली होती ते मी विचारलं नाही. आमच्या गिलाव्यात चढउतार फार, म्हणून वर मॅट. चकाकी जितकी जास्त तितका तिरप्या उजेडात गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा दिसतो. पट्ट्याला मात्र पुसता येईल अशी हलकी चकाकी.

ट्यूब काढून दोन्ही खोल्यांत 4000 चे दिवे लावले. सगळ्या कामात हा खर्च सगळ्यात कमी, आणि फरक सगळ्यात मोठा. पैसा अगदीच नसेल तर मी आधी दिवे बदलायला सांगते, रंगाचं मग बघू.

मुलगा लग्नाला आला तेव्हा भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "फोटोत हा पांढराच येतो." येतोच.

स्वयंपाकघर मात्र राहिलं. काकूंना तिथे फिकट हिरवा हवा आहे, आणि माझी ना नाही, त्या भिंतीशी दिवसभर त्यांचीच गाठ. अडचण चुलीची आहे. गॅस आहे, पण भाकरी आणि पाणी तापवणं पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांवर. त्या धुराचा चिकटा पाण्यातल्या कुठल्याही रंगातून आठ दिवसांत पिवळा होऊन वर येतो. भिंत धुऊन आधी डाग अडवणारं तेलातलं प्रायमर मारावं लागेल, आणि चूल मागच्या टिनाखाली न्यावी लागेल. मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "चूल काही हालत नाही ताई, तुमी असा रंग सांगा जो धुरात खपल." असा रंग कुठल्याच शेडकार्डात नाही. तूर्त चुलीमागची भिंत खरवडून तिला चुनाच द्यायचं ठरलंय, दर दिवाळीला नवा. हिरव्याचं बाकीच्या तीन भिंतींपुरतं पाहू.